नावावरची डेमलर

शनिवारी भर दुपारी, लिफ्ट बंद असताना, नऊ मजले चढून कुणी पाहुणा येईल असं बकुळाला वाटलं नव्हतं. ती वाल सोलत बसली होती. बेल वाजली तशी तिच्या भाच्याने, सम्यकने, दार उघडलं. बाहेर साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, काखेत जाडजूड फाईल, श्वास लागलेला, आणि तरी चेहऱ्यावर लग्नाचं आमंत्रण घेऊन आल्यासारखा आनंद.

"रामजी धोंडू गमरे यांचं घर हेच का?"

रामजी गमरे, म्हणजे बकुळाचे आबा, जाऊन बेचाळीस वर्षं झाली होती. परळची त्यांची चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला त्यालासुद्धा आता दहा-बारा वर्षं होत आली. या दारात उभं राहून आबांचं नाव घेणारा हा पहिलाच माणूस.

"या, या सर," सम्यक म्हणाला. "आत्या, हे टिपणीस सर. मीच बोलावलंय त्यांना. आपल्या समाजाच्या ग्रुपवर हे गमरे फॅमिलीला शोधत होते. तुला आणि पप्पांना सरप्राइज द्यायचं म्हणून बोललो नाही."

बकुळाने वालाची परात बाजूला सरकवली आणि गुडघ्यावर हात टेकत उठली. तिचा धाकटा भाऊ शामराव आतून बनियनवरच आला, पाहुणा बघून पुन्हा आत गेला आणि शर्ट घालून आला. टिपणीस दोन पेले पाणी घटाघटा प्यायले. मग ते बोलायला लागले ते थांबेनात.

त्यांचं नाव रघुवीर. राहायला माटुंग्याला. जन्म बोटीवर इंजिनियर म्हणून गेला, आणि निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात तशी यांनी एक गाडी घेतली. छत्तीस सालची डेमलर, विलायतेहून बोटीने आलेली. शिवडीच्या एका गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली ती कित्येक वर्षं पडून होती. पत्रा गंजलेला, गाद्यांत उंदरांनी घरं केलेली, इंजिनात कबुतराची पिसं. माझगावला शेड भाड्याने घेऊन नऊ वर्षं ते तिच्यामागे लागले होते. मिळाले ते भाग आणले, मिळाले नाहीत ते घडवून घेतले. आता गाडी चालत होती. पुढच्या रविवारी दक्षिण मुंबईत जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन होतं, त्यात ती उभी राहणार होती.

"आणि तिथे नुसती गाडी बघत नाहीत," रघुवीर फाईल उघडत म्हणाले. "गाडीचा इतिहास मागतात. कुणाकडून कुणाकडे गेली, त्याचा एकेक कागद. हे बघा. पहिले मालक एका संस्थानचे दिवाण. अठ्ठेचाळीस साली त्यांच्याकडून वल्लभशेठ, लालबागचे मिलवाले. आणि चौसष्ट साली..." त्यांनी आर.सी. बुकाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. "चौसष्ट साली, रामजी धोंडू गमरे, परळ. पंच्याहत्तरपर्यंत. अकरा वर्षं तुमचे वडील या गाडीचे मालक होते, ताई."

सम्यक बकुळाच्या तोंडाकडे बघत होता. तिला आश्चर्य वाटेल, ती काहीतरी म्हणेल, याची तो वाट बघत होता. बकुळा झेरॉक्सवरच्या सहीकडे बघत होती. 'रा' मोठा, 'मजी' एकमेकांना चिकटलेलं, आणि 'गमरे'वरची मात्रा उडून पार वर गेलेली. आबांना वाचता येत असे ते अक्षर अक्षर जुळवून. लिहिता येत होती ती एवढी एक सही.

"गाडीपुढे जो बोर्ड लावणार, त्यावर काय लिहिलंय ते सांगा ना सर," सम्यक म्हणाला.

रघुवीरनी चष्मा लावला आणि वाचलं. "'वल्लभशेठ यांनी आपला इमानी ड्रायव्हर रामजी याच्या सेवेवर प्रसन्न होऊन ही मोटार त्याला प्रेमाने भेट दिली.' ही हकीकत मला शेठजींच्या नातवाने सांगितली. प्रदर्शन भरवण्यात त्यांचाच पुढाकार असतो. मला तर ऐकून भरून आलं. त्या काळात मिलमालक आपल्या ड्रायव्हरला डेमलर देतो, म्हणजे बघा. तर मला वडिलांचा एक फोटो हवा होता. आणि तुम्हाला आठवत असेल ते काहीही."

शामराव उठला. "चहा टाकतो," म्हणाला आणि आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"फोटो बघावा लागेल," बकुळा म्हणाली. "कुठे ठेवलाय ते आठवत नाही."

खरं तर फोटो तिच्या कपाटात, तिच्या निवृत्तीच्या कागदांखाली होता.

रघुवीर गेले. सम्यकने लगेच आर.सी. बुकाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'माझे आजोबा, डेमलरचे मालक'. रात्रीपर्यंत चिपळूण, कल्याण, नागोठणे, सगळीकडून अंगठे आणि 'जय भीम' येत राहिले. जेवताना सम्यक दोनदा म्हणाला, "तुम्ही कधी कुणी बोललाच नाहीत हे. एवढी मोठी गोष्ट." शामराव मान खाली घालून जेवत होता. बकुळाने सांगितलं, की तिला झोप आलीय.

झोप कसली येते. सत्तरी गाठलेल्या बाईला जुन्या गोष्टी कुणी आठवायला सांगाव्या लागत नाहीत, पण ही गोष्ट तिने इतकी वर्षं खाली दाबून ठेवली होती, की ती वर काढायचाच तिला कंटाळा आला होता.

आबा खेड तालुक्यातून मुंबईला आले ते शेठच्या गाड्या धुवायला. धुता धुता चालवायला शिकले. डेमलर सांभाळायला लागले तेव्हा बकुळाचा जन्मही झाला नव्हता. गाडीवर त्यांचा जीव होता. गाडीच्या तोंडावरच्या जाळीला माथ्याशी उभ्या पन्हळी होत्या, त्या ते बोटाला फडकं गुंडाळून एकेक पुसायचे. चौसष्ट साली शेठ आणि त्यांचे भाऊ यांच्यात वाटणी सुरू झाली. कोर्टात यादी जायची होती. त्या यादीत डेमलर येऊ नये म्हणून शेठनी एका सकाळी आबांना ऑफिसात बोलावलं आणि पाच-सहा कागदांवर सह्या करायला सांगितल्या. आबांनी केल्या. गाडी होती तिथेच राहिली, शेठच्याच बंगल्याच्या पोर्चमध्ये. शेठच तिच्यात बसायचे, आबाच चालवायचे. फक्त कागदावर मालक बदलला.

आबांना त्याची गंमत वाटली. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पिताना ते मित्रांना म्हणाले, "काय रे, मोटारवाल्याला उठून जागा द्या." चाळीत हसण्यावारी गेलं ते. पण ऐकणारे सगळेच हसून सोडून देणारे नसतात.

बहात्तर साली बकुळा मॅट्रिक झाली. चाळीच्या त्यांच्या बाजूला पहिल्या वर्गात पास होणारी पहिली मुलगी. तिने कॉलेजात नाव घातलं, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. घरात खाणारी चार तोंडं आणि गावाला आजी. शिष्यवृत्ती मिळाली तरच शिक्षण पुढे, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं. महिनाभराने कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या कारकुनाने समोर एक निनावी पत्र ठेवलं. अर्जदाराच्या वडिलांच्या नावावर विलायती मोटार आहे, चौकशी व्हावी. चौकशी झालीच होती. गाडीचा नंबर, आबांचं नाव, पत्ता, सगळं जुळत होतं.

"मोटारवाल्याच्या मुलीला शिष्यवृत्ती द्यायची, तर गरिबांना काय देऊ?" कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलीला त्याने पुढे बोलावलं.

घरी येऊन तिने आबांना सांगितलं. फक्त एक चिठ्ठी हवी होती. शेठनी दोन ओळी लिहून द्यायच्या, की गाडी माझी आहे, रामजीची नाही. आबा भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेठला नाही विचारता यायचं."

"का?"

"नाही विचारता यायचं, बाय."

एवढंच. तिने रडून बघितलं, दोन दिवस उपाशी राहून बघितलं. आईने हात जोडले. आबा तोंड उघडेनात. ऑक्टोबरपर्यंत ती उसन्या पुस्तकांवर कॉलेजला गेली, मग जायची थांबली. जानेवारीत हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागली. चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे. मोजून घ्यायचे, उकळायचे, मोजून द्यायचे. चाळीस वर्षं. तिच्या पगारावर शामराव आयटीआय झाला, माझगावच्या गोदीत फिटर म्हणून चिकटला. लग्न तिने केलं नाही. केलं नाही म्हणजे राहून गेलं. आबांशी ती कामापुरतं बोलायची. भात वाढू का, डबा भरलाय, दिवा घालवा. त्र्याऐंशी साली आबा गेले तोपर्यंत अकरा वर्षं असंच चाललं. ज्या बापाने बाबासाहेबांच्या फोटोपुढे तिला बाराखडी गिरवायला बसवलं, त्याने मुलीसाठी मालकापुढे साधा शब्द टाकला नाही, हे तिला कधी गिळता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शामराव तिच्याजवळ येऊन बसला. सम्यक आणि त्याची बायको प्रिती बाहेर गेली होती.

"बाय, राहू दे ना," तो म्हणाला. "लिहू देत त्यांना काय लिहायचं ते."

"भेट दिली म्हणून?"

"खोटंच आहे. पण वाईट खोटं नाही. आबांना आयुष्यात दुसरं काय मिळालं? पोरं खूश आहेत."

"आणि मला काय मिळालं, शाम?"

शामरावने मान वर केली नाही. थोड्या वेळाने तो उठून गॅलरीत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. बकुळाला वाटलं, आपण उगाच बोललो. त्याची काय चूक होती, तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

पण त्या एका शब्दाने तिला सोडलं नाही. 'प्रसन्न होऊन.' दोन दिवस ती काम करता करता मध्येच थांबत होती. गाडीने आपलं शिक्षण घेतलं ते घेतलं. आता त्याबद्दल आपण वर आभार मानायचे, तेही चारचौघांत, बोर्ड लावून. मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर तिने सम्यकला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. लाँड्रीतला हिशेब सांगावा तसं तिने ते सांगितलं.

सम्यक पस्तिशीचा, बँकेत चांगल्या जागेवर. लहानपणी त्याला अभ्यासाला बसवायची ती आत्याच, चुकलं की पट्टी मारायचीही तीच. तो बराच वेळ टेबलावरच्या डागावर बोट फिरवत राहिला.

"मी त्या टिपणीसला आत्ता फोन लावतो," तो म्हणाला. "आणि ग्रुपवर पण टाकतो, कायपण चाललंय यांचं."

"कुणाला फोन लावायचा नाही. त्या माणसाला काय माहीत? त्याला सांगितलं तेच तो लिहिणार. मला घेऊन चल त्याच्याकडे. माझं मी बोलते."

बुधवारी सम्यकने अर्धी रजा टाकली. टॅक्सी करून दोघं माझगावला गेली. एका जुन्या वखारीच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती. आत ट्यूबलाइटच्या उजेडात डेमलर उभी होती.

बकुळाने तिला शेवटचं पाहिलं होतं ते पन्नास वर्षांपूर्वी, बंगल्याच्या फाटकाबाहेरून. तेव्हा ती हिरवी होती. आता वरून काळी आणि बाजूंनी गर्द तांबडी, एवढी चकचकीत, की तिच्यात सगळी शेड उलटी दिसत होती. रघुवीर लगबगीने पुढे आले. त्यांनी खुर्ची पुसून दिली, पण बकुळा बसली नाही.

"मूळ रंग हाच," ते म्हणाले. "सगळ्यात वरचा थर पांढरा होता, तो फणसवाडीच्या रामदास यांचा. पंच्याहत्तरनंतर ते ही लग्नाला भाड्याने द्यायचे. त्याच्याखाली हिरवा, तुमच्या वडिलांचा. आणि त्याच्याखाली हा. आणि आत बघा, हा गिअर. ही गंमत आता कुणाला समजावून सांगावी लागते."

"आधी दांडी हव्या त्या आकड्यावर लावून ठेवायची," बकुळा म्हणाली. "मग डावा पाय दाबून सोडला की गिअर पडतो."

रघुवीर तिच्याकडे बघतच राहिले.

"आबा घरात थाळी हातात धरून दाखवायचे. आमटीची पळी म्हणजे दांडी. आई ओरडायची." मग ती म्हणाली, "टिपणीस, तुम्ही नऊ वर्षं खपलात तिच्यामागे. तुमचा आनंद घालवायला मला बरं वाटत नाही. पण ही गाडी माझ्या वडिलांना कुणी भेट दिली नव्हती."

तिने उभ्यानेच सांगितलं. वाटणी, सह्या, निनावी पत्र, कारकून, लाँड्री. रघुवीर आधी मान हलवत होते, मग त्यांची मान हलायची थांबली. ते हळूच स्टुलावर बसले. हातातलं फडकं त्यांनी घडी करून मांडीवर ठेवलं, उलगडलं, पुन्हा घडी केली.

"म्हणजे ते अर्ज..." ते म्हणाले.

"कसले अर्ज?"

त्यांनी कपाटातून एक जुनं बाड काढलं. शेठच्या नातवाने गाडीसंबंधीचे म्हणून जे कागद दिले होते, त्यात दोन अर्ज होते. रघुवीरनी ते वाचले होते. नातवाकडून कळलं होतं ते असं, की ड्रायव्हरला एवढ्या मोठ्या गाडीचा खर्च झेपेना, म्हणून तो ती परत घ्या म्हणत होता. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता.

बकुळाने पहिला कागद हातात घेतला. वहीचं रेघांचं पान. शाई विटून तपकिरी झालेली.

'मे. शेठजींचे सेवेसी. अर्जदार रामजी धोंडू गमरे, ड्रायव्हर. कृपावंत होऊन माझे नावावरील मोटार माझे नावावरून काढावी. त्यामुळे माझे घरी फार अडचण झाली आहे. मोटार काढता येत नसल्यास ती माझी नाही अशी चिठ्ठी तरी द्यावी. मी आपली नोकरी जन्मभर इमानाने करीन.' खाली तारीख, एकतीस जुलै एकोणीसशे बहात्तर. खाली तीच सही, मात्रा उडालेली. आणि कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने, दुसऱ्याच कुणाच्या हाताने, 'नंतर पाहू'.

दुसरा अर्ज नोव्हेंबरचा. तोच मजकूर, फक्त एक ओळ जास्त. 'मुलगी घरी बसली आहे.' त्याच्यावर काहीच शेरा नव्हता.

बकुळाने कागद ट्यूबलाइटकडे धरला. मजकुराचं अक्षर गोल, टपोरं, शाळकरी. 'झ' आणि 'र' यांची शेपटी लांब ओढलेली. ते अक्षर ती ओळखत होती. चौथीपर्यंत तिनेच ते वळवून घेतलं होतं, पाटीवर हात धरून.

ती खुर्चीवर बसली.

"आत्या, पाणी देऊ?" सम्यकने विचारलं.

"नको."

बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची पीप-पीप चालू होती. मग रघुवीर म्हणाले, "बोर्ड मी बदलतो. तुम्ही सांगा, मी लिहितो."

"तुमच्या त्या नातवाला चालेल?"

"नाही चालणार," रघुवीर म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "बघू."

"जमत नसेल तर आबांचं नाव काढून टाका. माझी तक्रार नाही."

"नाव कसं काढू? आर.सी. बुकात आहे." त्यांनी पेन उघडलं. "सांगा."

तिने सांगितलं. वाक्यं छोटी ठेवली. चौसष्ट ते पंच्याहत्तर, रामजी धोंडू गमरे, राहणार परळ. भावांच्या वाटणीत जाऊ नये म्हणून मालकाने गाडी ड्रायव्हरच्या नावावर केली. नावावरून काढावी म्हणून रामजी यांनी दोन अर्ज केले. गाडी नावावर असल्यामुळे त्यांच्या मुलीची शिष्यवृत्ती नामंजूर झाली.

"मुलीचं नाव लिहू?" रघुवीरनी विचारलं.

बकुळाने क्षणभर विचार केला. "लिहा. बकुळा. नुसतं मुलगी म्हटलं की ती कुणाचीही असते."

निघताना रघुवीरनी तिला गाडीतून घरी सोडायची तयारी दाखवली. तिने नको म्हटलं. दोन्ही अर्जांच्या झेरॉक्स मात्र मागून घेतल्या.

घरी आली तेव्हा शामराव टीव्हीसमोर बसला होता, आवाज बंद करून. बकुळाने झेरॉक्स त्याच्या मांडीवर ठेवल्या. त्याने खाली बघितलं आणि चष्मा काढला. कागद वाचायची त्याला गरज नव्हती.

"तू लिहिलंस," ती म्हणाली.

"आबांनी सांगितलं, मी लिहिलं. जिन्याखाली बसून. पाटावर वही ठेवून." तो थांबून थांबून बोलत होता. "कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. मी म्हटलं, बायला तरी सांगू या. तर म्हणाले, शेठ नाही म्हणाला तर पोरीला कळेल, आपल्या बापाच्या शब्दाला कुत्रं विचारत नाही. त्यापेक्षा बापाने विचारलंच नाही असं वाटू दे. रागावेल. राग जातो, म्हणाले."

बकुळाने त्याच्या मांडीवरून झेरॉक्स उचलून घेतल्या.

"ते गेले तेव्हा सांगणार होतो मी. पण तू रडलीच नाहीस. मला भीती वाटली, आता सांगितलं तर तुझं काय होईल. मग वर्ष गेलं, दोन गेली. मग वाटलं, आता सांगून हिला काय मिळणार? उलट आणखी..." पासष्ट वर्षांचा माणूस, गोदीत लोखंडाशी झुंजलेला, दोन्ही हातांच्या पंज्यांत तोंड घालून बसला.

बकुळाला त्याचा राग यायला हवा होता. तिने तो शोधूनही पाहिला. अकरा वर्षं एका खोलीत, हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर, आबा जेवत होते, विडी ओढत होते, कूस बदलत होते, आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपत होती. एकदा जरी कुणी बोललं असतं. पण बोलायचं कुणी? बोलायला हवं होतं ती माणसं गेली, उरली ही दोघं, आणि दोघांनाही आता जिना चढवत नव्हता.

"तुझं अक्षर तेव्हा बरं होतं," ती म्हणाली. "आता अगदी बिघडलंय."

शामरावने चेहरा पुसला. ती त्याच्या बाजूला सोफ्यावर बसली आणि बऱ्याच वेळाने तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

रविवारी सम्यक एकटाच प्रदर्शनाला गेला. बकुळाने आदल्या रात्री कपाटातून आबांचा फोटो काढून त्याच्याकडे दिला होता. खाकी कोट, डोक्यावर टोपी, कॅमेऱ्याकडे बघताना थोडे घाबरलेले आबा. सम्यक संध्याकाळी परतला तो तोंड पाडून. बूट काढता काढताच सांगायला लागला. पहिल्या रांगेत डेमलरची जागा होती. सकाळी शेठच्या नातवाने बोर्ड वाचला, टिपणीसांना बाजूला घेतलं, पाच मिनिटं बोलला. टिपणीस नुसते मान हलवत होते, नाही, नाही अशी. मग गाडी मागे, जनरेटरच्या गाडीशेजारी उभी करायला लावली. बक्षीस कुठलं, परीक्षक तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

"नऊ वर्षं, आत्या. आणि तो माणूस दिवसभर जनरेटरच्या धुरात स्टूल टाकून बसला."

"बोर्ड होता?"

"होता. फोटो खाली चिकटवला होता."

"कुणी वाचला?"

"वाचला की. येऊन वाचायचे, गाडीकडे बघायचे, परत वाचायचे. एक म्हातारे गृहस्थ होते, ते तर तिथेच उभे. मला विचारलं, बकुळा कोण? मी म्हटलं, माझी आत्या. मला म्हणाले, त्यांना नमस्कार सांगा."

सम्यकने मोबाईलवर काढलेला फोटो तिच्यापुढे धरला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला, ओळी एकेक करून वाचल्या. शुद्धलेखनाची एक चूक होती, 'शिष्यवृत्ती'तला 'शि' दीर्घ पडला होता. ती तिने कुणाला दाखवली नाही. फोन शामरावकडे दिला.

"टिपणीसांना फोन लाव," ती सम्यकला म्हणाली. "म्हणावं, एकदा जेवायला या. लिफ्ट चालू आहे का ते आधी विचारून या म्हणावं."

मग ती आत जाऊन पलंगावर आडवी झाली. पंखा चालू होता, बाहेर प्रिती कुकर लावत होती, शामराव त्या ओळी हळू आवाजात पुन्हा पहिल्यापासून वाचत होता. ऐकता ऐकता तिला झोप लागली. जेवणाची वेळ झाली तरी तिला कुणी उठवलं नाही.